दात जुळल्यानंतरचं वय

जनावरांच्या बाजारात बैलाचं वय कुणी वर्षांत सांगत नाही. तोंड उघडायचं, खालचा ओठ ओढायचा आणि दात बघायचे. वरच्या जबड्याला पुढचे दात नसतातच, खाली आठ असतात. सगळे दुधाचे असतील तर खोंड अदात. दोन-अडीच वर्षांचा झाला की मधले दोन पडून पक्के येतात, तो दोन दाती. मग चार, मग सहा, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास आठही पक्के आले की बैल ‘जुळला’. त्यानंतर व्यापारी दात मोजत नाही. खांदा दाबून बघतो, खुरं बघतो, चार पावलं चालवतो आणि भाव पाडतो.

बीड जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सारी नोकरी झाली. शिरूर कासार, पाटोदा, गेवराई या तालुक्यांतल्या गोठ्यांतून मी हजारो तोंडं उघडून पाहिली असतील. गावात लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, डॉक्टरांच्या हाताखाली इंजेक्शनं, लसी, मलमपट्टी करणारा माणूस होतो. पण एक गोष्ट या नोकरीनं पक्की शिकवली. नीट सांभाळलेला बैल अठरा-वीस वर्षं जगू शकतो. म्हणजे बाजार ज्याचा हिशेब ठेवतो ती पहिली पाच वर्षं, आणि ज्याचा ठेवत नाही ती त्यापुढची तेरा-पंधरा. त्यांतली शेवटची चार-पाच वर्षं जनावर काही कामाचं राहत नाही. त्या वर्षांचं काय करायचं, हे सांगायला मी हे लिहितोय. ते मला पुस्तकानं शिकवलं नाही, आमच्या हौश्यानं शिकवलं.

टायरगाडीचा बैल

हौश्याला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 2004 साली नेकनूरच्या बाजारातून आणला. चार दाती, पांढराशुभ्र, शिंगं मागं वळलेली. बरोबर पाखऱ्या, त्याच्याहून वर्षभरानं लहान. मला नोकरी होती, पण दादा आणि माझा धाकटा भाऊ ऊसतोडीलाच जायचे. आमच्याकडं दसरा-दिवाळीनंतर गावं निम्मी रिकामी होतात, हे बीडच्या माणसाला सांगायला नको. मुकादमाची उचल घ्यायची, कोयता बांधायचा आणि पोराबाळांसकट कारखान्यावर पोहोचायचं. गाडी सेंटरला जाणारे, म्हणजे बैलगाडीनं ऊस वाहणारे, आपले बैल घेऊन जातात. टायरगाडीत दोन टनांच्या पुढं ऊस भरतात. फडातल्या ढेकळांतून ती भरली गाडी बाहेर काढायची, डांबरीवरून कारखान्यापर्यंत न्यायची, तिथं रात्रभर नंबराला उभं राहायचं.

हौश्यानं असे पाच हंगाम काढले. मग दादा थकले, भावानं गाडी सोडली, आणि हौश्या-पाखऱ्या घरच्या सहा एकरांत पाळी-पेरणीला राहिले.

बैलाचं म्हातारपण त्याच्या कामातून येतं, म्हणून हे सांगितलं. ऊस वाहिलेल्या बैलाचे पुढचे गुडघे आणि मागचे सांधे लवकर झिजतात. जू घासून खांद्याची कातडी जाड, निबर होते, कधी आतून गाठ धरते. डांबरीवर नालासकट चाललेली खुरं वेडीवाकडी वाढतात. हौश्या तेरा वर्षांचा झाला तेव्हा उठताना आधी मागचा भाग वर उचलून बराच वेळ तसाच थांबायला लागला, जणू पुढचे पाय कुठं ठेवावेत याचा विचार करतोय. 2014 च्या पेरणीनंतर दादांनी त्याच्या मानेवर पुन्हा जू ठेवलं नाही.

दावणीवर एक तोंड जास्त

पुढच्याच वर्षी, मार्च 2015 मध्ये, महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. गाईसाठी 1976 चा कायदा होताच. 1995 साली विधिमंडळानं केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळून ती वीस वर्षांनी लागू झाली. या कायद्याची बाजू मांडणारे आणि त्याला विरोध करणारे, दोघंही मी गोठ्यांतून ऐकले आहेत. मला इथं एवढंच सांगायचंय की थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि तो सांभाळायची सगळी जबाबदारी दावणीच्या मालकावर आली. चारशे किलोच्या बैलाला दिवसाला आठ-दहा किलो तरी सुकं वैरण-खाद्य लागतं. दुष्काळात कडब्याची पेंडी सोन्याच्या भावानं विकली जाते. ज्याच्या घरात माणसांच्या ज्वारीची भ्रांत आहे त्याला उपदेश करणं सोपं आहे. मी तो करणार नाही.

पण काही लोक काय करतात तेही मी पाहिलंय. रात्री जनावर टेम्पोत घालतात, दोन तालुके ओलांडतात आणि माळावर सोडून येतात. घरी येऊन सांगतात, ‘दिलं बाबा एका भल्या माणसाला.’ असं सोडलेलं जनावर तिथं उभं राहून रस्त्याकडं बघत असतं. ते आठवडाभरही टिकत नाही. उपाशी-तहानेलं पडेल अशा रीतीनं जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाच आहे. पण कायद्याचं भय बाजूला ठेवलं, तरी ज्यानं हाकेसरशी मान वळवली त्याला अनोळखी माळावर सोडण्यासारखी दुसरी क्रूरता नाही.

याच शिरूर कासार तालुक्यात दहिवंडी आहे. तिथले सय्यद शब्बीर, सगळ्यांचे शब्बीरमामू. त्यांच्या वडिलांनी कसाबाचा धंदा सोडून गुरं पाळायला घेतली आणि मुलानं ती पुढं सांभाळली. शंभरावर गुरं, जिरायती भाग, घरची गरिबी. ते दूध विकत नाहीत, शेणखत विकून घर चालवतात. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तालुक्यातल्या कित्येकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या शेजारी असा माणूस राहतो. मी त्यांचं उदाहरण थोरवी गाण्यासाठी देत नाही. थकलेलं जनावरही शेण देतं, मोठं जनावर रोज दहा किलोच्या पुढं देतं, आणि खत मोलाचं असतं. हा साधा हिशेब त्यांनी आयुष्यभर करून दाखवला. आम्ही हौश्याच्या उकिरड्यावर दरवर्षी एकरभर कापूस धरला. तो फुकट खातोय असं आमच्या घरात कुणी बोललं नाही. दादा 2016 साली गेले. जाताना त्यांनी शेतीबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “पाखऱ्याला इकू नका, हौश्या एकटा पडंल.”

म्हाताऱ्याचं पथ्यपाणी

म्हाताऱ्या जनावराला आजारी जनावरासारखं वागवून चालत नाही. त्याला औषध कमी आणि सोय जास्त लागते.

पहिली सोय तोंडाची. दात झिजले की अख्खा कडबा चावला जात नाही. तो तोंडात फिरवून खाली टाकतो आणि आपण म्हणतो, ‘नाटकं करतंय.’ त्याला बारीक कुट्टी द्या, सरकीची पेंड आणि भरडा भिजवून आंबोण द्या. दिवसातून दोन मोठ्या वेळांऐवजी चार लहान वेळा द्या. हिवाळ्यात पाणी कोमट करा. थंड पाणी झिजलेल्या दातांना सोसत नाही, जनावर पाणीच कमी पितं, आणि मग पोट गच्च होतं.

दुसरी सोय पायाखालची. गुळगुळीत फरशी म्हाताऱ्या गुराची वैरीण. एकदा घसरून पाय फाकले की ते उठत नाही. आम्ही सपरीत मुरूम टाकला, वर पाचटाचा जाड थर, आणि तो ओला झाला की रोज बदलायचा. सहा महिन्यांनी खुरं साळून घ्यायची. खूर वाढलं की सगळं वजन चुकीच्या सांध्यावर जातं.

तिसरी सोय वेदनेची. सांध्यांचं दुखणं जनावर बोलून दाखवत नाही. ते कान पाडतं, दात खातं, कळपापासून वेगळं उभं राहतं. डॉक्टरांना विचारून मेलॉक्सिकॅम द्या. इथं एक कळकळीची विनंती आहे. माणसांचं डायक्लोफिनॅक जनावराला टोचू नका, कुणी टोचत असेल तर त्याचा हात धरा. आमच्या लहानपणी गावाच्या हाडकीवर मेलेल्या गुरांभोवती गिधाडांचा थवा बसायचा. नव्वदच्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवहून जास्त संपली. 2004 साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण सापडलं. डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. भारतानं 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली, 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही आणली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही डायक्लोफिनॅकच टोचत होतो. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, पण हात माझाच होता, हे मी विसरत नाही.

घरात म्हातारं कुत्रं किंवा मांजर असणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मोठ्या बांध्याचं कुत्रं सात-आठ वर्षांतच म्हातारं होतं, लहान बांध्याचं आणि मांजर दहा-अकरा वर्षांत. अचानक पाणी जास्त प्यायला लागलं, लघवी वाढली, तर मूत्रपिंड किंवा साखरेची तपासणी करा. घरातली गोळी हाताशी आहे म्हणून देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

गोल आणि फुली

2018 ला पाऊस दगा देऊन गेला आणि 2019 च्या उन्हाळ्यात जिल्हाभर चारा छावण्या उभ्या राहिल्या. मी तोवर निवृत्त झालो होतो. हौश्या-पाखऱ्याला आम्ही छावणीत नेलं. माय पंचाहत्तरीची, पण ती ऐकेना. पाल टाकून बैलांजवळ चार महिने राहिली. छावणीत ऊसाचं वाढं मिळायचं. हौश्याला ते चावायचं नाही. माय बसून विळीवर त्याचे बोटभर तुकडे करायची आणि हातानं भरवायची. शेजारच्या पालातल्या बायका हसायच्या. आठवड्याभरानं त्याही आपल्या म्हाताऱ्या गाईंना तसंच चारायला लागल्या.

ऑगस्टच्या शेवटी पोळा होता, त्याच्या आत आम्ही बैल घरी आणले. आदल्या संध्याकाळी मायनं खांदमळण केली. तूप-हळद घेऊन हौश्याच्या निबर खांद्यावर ती बराच वेळ हात फिरवत राहिली आणि म्हणाली, “आज आवतण घ्या, उद्या जेवाया या.” मिरवणुकीला तो मारुतीच्या पारापर्यंत चालत गेला नाही. आम्ही झूल दारातच घातली. गावातली पोरं आपापले बैल घेऊन आमच्या दारावरून गेली, हे मी विसरणार नाही.

त्या पोळ्यानंतर मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा करायला लागलो. दिवस मावळताना तीन प्रश्न. आज आपण होऊन खाल्लं का? आपल्या पायावर उठला का? रवंथ केलं का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर तारखेवर गोल, नाहीतर फुली. अमेरिकेतल्या पशुवैद्यक ॲलिस व्हिलालोबोस यांनी घरच्या प्राण्यांसाठी अशीच पट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहा गुण. बेरीज पस्तिसाच्या वर राहिली तर जगण्यात अजून सुख आहे असं धरायचं. माझी रीत गावठी, पण तिचं काम तेच. माया करणाऱ्याच्या डोळ्याला रोजची उतरण दिसत नाही. कागद खोटं बोलत नाही. ऑक्टोबरच्या पानावर सगळे गोल होते, चार फुल्या सोडून. डिसेंबरात अर्धेअर्धे. संक्रांतीनंतर गोल थांबले. हौश्या बसला तो उठला नाही.

नऊ दिवस

बसलेल्या जनावराला आडवं पडू द्यायचं नाही. त्याच्या पोटात सतत वायू तयार होतो आणि तो ढेकरेवाटेच बाहेर पडतो. जनावर कुशीवर आडवं झालं की ढेकर अडतो, पोट फुगतं आणि श्वास कोंडतो. म्हणून छातीवर बसवून दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावायची. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर चारशे किलोखाली दबलेला पाय मरतो आणि कातडीला जखमा पडतात. हे एकट्याचं काम नाही. भाऊ, पुतणे, शेजारचे दोघं-तिघं, रात्री बारालाही यायचे. कुणाला बोलवावं लागलं नाही. आता 1962 वर फोन केला की फिरत्या दवाखान्याची गाडी येते. तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यातले लोक आले, सलाईन लावलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं.

पाचव्या दिवशी मी तालुक्याच्या डॉक्टरांना एकट्यात विचारलं, “ह्याला आता मोकळं करता येईल का?” कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत हा मार्ग पशुवैद्यक सुचवतात. शिरेतून भुलीचं औषध जास्त मात्रेत देतात, प्राणी झोपतो आणि झोपेतच जातो. वेदना आवरेनाशी झाली असेल तर तो निर्णय म्हणजे हत्या नव्हे, असं मी मानतो. तो घेणाऱ्या माणसानं आयुष्यभर स्वतःला टोचत राहू नये. बैलाच्या बाबतीत ते इतकं सरळ नाही. असह्य यातनेतल्या जनावरासाठी 1960 च्या कायद्यात तरतूद आहे, पण ठरवायचं पशुवैद्यकानं, कागदोपत्री. डॉक्टरांनी हौश्याचे डोळे, हिरड्या, श्वास तपासला. म्हणाले, “वेदना ताब्यात आहे. दिवे विझत चाललेत. तुम्ही जवळ बसा.”

मी मायला सांगितलं. ती म्हणाली, “मंग बसू की. त्यो कितींदा रात्रभर नंबराला हुबा राह्यला दादांसंगट.”

नवव्या दिवशी पहाटे त्याचे कान गार पडले. मायनं तोंडात गुळाचं पाणी सोडलं, ते बाहेर आलं. उजाडायच्या आत गेला.

मी त्याचं तोंड उघडून पाहिलं. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप ओठाकडं गेला. आठही दात खुंटाएवढे उरले होते, दोन हलत होते. पाच वर्षांपर्यंतच्या वयाचे दाखले मी लिहिले होते. एकोणिसाव्या वर्षाचं तोंड मी पहिल्यांदाच बघत होतो.

मागं राहिलेले

बांधाच्या कडेला, विहिरीपासून दूर, जेसीबीनं पुरुषभर खोल खड्डा घेतला. खाली-वर चुना आणि मीठ टाकलं. नेण्याआधी पाखऱ्याला सोडून त्याच्याजवळ नेलं. हे मी सगळ्यांना सांगतो. जोडीदार नुसता नाहीसा झाला की मागचं जनावर दिवसेंदिवस दाराकडं बघून हंबरतं. पाखऱ्यानं हौश्याचं कपाळ हुंगलं, खांदा चाटला, आणि आपण होऊन मागं फिरला. दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. आम्ही त्याला हौश्याच्या जागेशेजारीच बांधला, रोज कुणीतरी त्याच्याजवळ बसलं, आणि शेजाऱ्याची एक कालवड दावणीला आणली. तिसऱ्या दिवशी त्यानं आंबोण घेतलं.

माणसांचं त्याहून अवघड जातं. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. शेजारून भाकरी आली. पण पुतण्याला शाळेत कुणीतरी म्हणालं, ‘बैलासाठी रडतो का रं?’ तो महिनाभर गप्प होता. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं 1989 साली अशा दुःखाला नाव दिलं. समाज ज्याला दुःख मानतच नाही, ज्याच्यासाठी सुट्टी नाही, सुतक नाही, भेटायला येणारे पाहुणे नाहीत, ते दुःख आतच मुरतं आणि लांबतं. म्हणून घरातलं जनावर गेलं की लपवू नका. मुलांना ‘गावाला गेलं’ सांगू नका. मेलं म्हणा, पुरताना त्यांना बरोबर न्या, माती टाकू द्या. आम्ही पुतण्याकडूनच तिथं कडुनिंब लावून घेतला. पाणी तोच घालायचा. एक दिवस बादली ठेवून त्यानं मला विचारलं, “हौश्याला किती दात होते, काका?” मग तो बोलायला लागला.

अजूनही लोक नेकनूरला जाताना मला बरोबर नेतात. मागच्या खेपेला गावातल्या एका पोरानं खोंड पसंत केलं होतं. मी ओठ ओढून बघितलं.

“किती दाती, डॉक्टर?”

“चार.”

“मंग घ्यावं?”

मी त्याला विचारलं, “रानात बांधाच्या कडेला जागा हाय का? विहिरीपासून लांब, जेसीबी जाईल अशी.”

तो आधी समजला नाही. मग बराच वेळ खोंडाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. शेवटी म्हणाला, “हाय. लिंबाच्या खाली.”

“मंग घे,” मी म्हणालो.